आठ वर्षं कापून घेतलं, पेन्शन शून्य: नॅशनल इन्शुरन्सची हरवलेली वर्षं कशी शोधायची आणि कधी विकत घ्यायची

प्रश्न कोथरूडहून आलाय. गृहस्थ पन्नाशीचे. सप्टेंबर २००८ मध्ये भारतातल्या कंपनीने त्यांना इंग्लंडला पाठवलं, पुढे तिथेच नोकरी बदलली आणि मे २०१६ मध्ये सगळे पुण्याला परतले. परवा त्यांनी नॅशनल इन्शुरन्सचं (ब्रिटनमध्ये पेन्शनसाठी पगारातून कापतात त्या योगदानाचं) रेकॉर्ड मागवलं, तर त्यात सहाच वर्षं ‘पूर्ण’ दाखवली आहेत. पत्नी तिथे शाळेत अर्धवेळ काम करायच्या, त्यांची चार. किमान दहा वर्षं भरत नाहीत, म्हणून दोघांनाही ब्रिटिश स्टेट पेन्शन शून्य. ते विचारतात, “पगारातून कापलेले पैसे गेले कुठे? आणि आता काही करता येतं का?”

करता येतं. पण मुदत जवळ आली आहे, आणि क्रम चुकला तर भरलेले पैसे वाया जातात. मी गेली बावीस वर्षं लंडनजवळच्या स्लाव्हमध्ये पेरोलचं काम करते. आधी पैसे भरून मग चौकशी करणारे जितके पाहिलेत, तितके उलट करणारे पाहिले नाहीत. म्हणून मी सांगते त्याच क्रमाने जा.

आधी पैशांचं. आपल्या डोक्यात पीएफ बसलेला असतो: माझ्या नावाचं खातं, माझे पैसे, त्यावर व्याज. नॅशनल इन्शुरन्स तसं नाही. ५ जुलै १९४८ ला ही योजना सुरू झाली तेव्हापासून आज कापलेले पैसे आजच्या पेन्शनरांना जातात. तुमच्या नावावर जमा होतात ती वर्षं, पौंड नव्हेत. त्यामुळे परतावा मागण्यात अर्थ नाही, तो मिळत नाही. एप्रिल २०१६ पासूनच्या नव्या नियमाप्रमाणे पस्तीस वर्षं भरली की पूर्ण पेन्शन, म्हणजे २०२६-२७ च्या दराने आठवड्याला २४१.३० पौंड. त्याहून कमी असतील तर प्रत्येक वर्षाला पस्तिसावा भाग, साधारण ६.८९ पौंड. आणि दहाच्या खाली काहीच नाही. नऊ वर्षं भरणाऱ्यालाही शून्य, एक वर्ष भरणाऱ्यालाही शून्य. काही देशांशी ब्रिटनचा असा करार आहे की तिथली वर्षं या दहात धरता येतात. भारताशी तसा नाही. तुमची ईपीएफची वर्षं इथे उपयोगाची नाहीत.

आता तुमचं रेकॉर्ड. पहिलं वर्ष, २००८-०९, रिकामं आहे आणि ते बरोबरच आहे. परदेशी कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या कामगाराला पहिले ५२ आठवडे नॅशनल इन्शुरन्स लागत नसे. ऑनसाइट गेलेल्या बहुतेकांना हे कोणी सांगितलेलं नसतं. हातात पगार जास्त येतो म्हणून सगळे खूश असतात, आणि पेन्शनमधलं एक वर्ष गेल्याचं वीस वर्षांनी कळतं. (भारत-ब्रिटन व्यापार कराराबरोबर ही सूट तीन वर्षांची करायचं ठरलं. कंपन्यांनी त्याचं स्वागत केलं. कर्मचाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तीन वर्षं इथे काहीच जमा होत नाही, हेही लक्षात असू द्या.)

२००९-१० बद्दल तुम्ही लिहिलंय की ‘सातच महिने कापलं, तरी पूर्ण कसं दाखवतात, चूक असेल तर काढून तर टाकणार नाहीत ना?’ घाबरू नका, चूक नाही. नोकरदाराचं वर्ष ‘पूर्ण’ व्हायला बारा महिने कामावर असावं लागत नाही. त्या वर्षातली कमाई, ठरलेल्या वरच्या मर्यादेपर्यंत, साप्ताहिक किमान मर्यादेच्या ५२ पट झाली की वर्ष भरलं. त्या साली ही मर्यादा आठवड्याला ९५ पौंड होती, म्हणजे वर्षाचे ४,९४०. तुमच्या पगाराला तीन महिनेही पुरले असते.

हेच गणित २०१६-१७ ला उलटं पडलं. तुम्ही मेच्या मध्यावर निघालात. तेव्हाची मर्यादा ११२ पौंड, वर्षाची ५,८२४. ३,२०० पौंड महिन्याच्या हिशोबाने एप्रिलचा पगार आणि अर्धा मे धरून ४,८०० होतात. हजारभर पौंड कमी पडले. तिकिटं तीन आठवडे पुढची काढली असती तर पगाराच्या एका चिठ्ठीवर अख्खं वर्ष मिळालं असतं. हे आता तुमच्या उपयोगाचं नाही, पण जे यंदा परतायच्या तयारीत आहेत त्यांनी करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं आणि मगच विमानाची तारीख ठरवावी.

खरी हरवलेली गोष्ट म्हणजे २०१२-१३. त्या वर्षी तुम्ही पूर्ण बारा महिने नोकरीत होता, पगारातून कापलंही गेलं, तरी रेकॉर्डवर ‘अपूर्ण’. तुम्ही पाठवलेले पेस्लिपचे दोन फोटो मी शेजारी ठेवून पाहिले. नॅशनल इन्शुरन्सचा नंबर म्हणजे आधी दोन अक्षरं, मग सहा आकडे, शेवटी ए ते डी यांपैकी एक अक्षर. मार्च २०१२ च्या चिठ्ठीवर शेवटची आकड्यांची जोडी ४७ आहे. एप्रिलपासून, नव्या कंपनीच्या चिठ्ठीवर, ती ७४ झाली आहे. एवढंच. पेरोलवाल्याने नंबर टाइप करताना दोन आकडे उलटे मारले आणि तुमचं वर्षभराचं योगदान तुमच्या नावाला लागलंच नाही. तेव्हा कंपन्या वर्षाच्या शेवटी एकदाच हिशोब कळवायच्या. दर पगाराला कळवायची पद्धत एप्रिल २०१३ मध्ये आली. पुढच्या वर्षांच्या पेस्लिपवर नंबर बरोबर दिसतो, पण मागचं वर्ष कोणी उकरून काढलं नाही.

हे वर्ष विकत घ्यायचं नाही. ते तुमचंच आहे, फुकट परत मिळवायचं आहे. त्यासाठी त्या वर्षाचा पी-६० हवा. पी-६० म्हणजे एप्रिलनंतर कंपनी देते तो वर्षाचा एक पानी हिशोब, त्यावर वर्षभरातली कमाई आणि कापलेलं नॅशनल इन्शुरन्स दोन्ही असतं. पुण्याला परतताना कागद कुठल्या बॅगेत गेले ते आठवा. बहुतेकांचे माळ्यावरच्या लाल-निळ्या पट्ट्यांच्या पिशवीत सापडतात, मुलांच्या शाळेच्या रिपोर्टांखाली. पी-६० नसेलच तर त्या वर्षाच्या पेस्लिपा आणि पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट चालतं. यांतलं जे असेल त्याच्या प्रती आणि एक पानाचं पत्र एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याला, पाठवा: माझा खरा नंबर हा, कंपनीने वापरलेला नंबर हा, कंपनीचं नाव आणि पी-६० वरचा कंपनीचा पेये (पगारातून कर कापण्याच्या पद्धतीचा) संदर्भ हा, माझं रेकॉर्ड दुरुस्त करा. कंपनी आता बंद पडली आहे असं तुम्ही म्हणता. त्याने अडत नाही. इतकंच काय, कंपनीने पगारातून कापून पैसे सरकारला भरलेच नसते, तरी त्यात तुमचा हात किंवा हलगर्जीपणा नसेल तर ते भरल्यासारखेच धरायचे, असा कायदा आहे. पुरावा मात्र तुमच्याकडे हवा. म्हणून मी सगळ्यांना सांगते, घरातली रद्दी विका, पी-६० नका विकू.

हे झालं की तुमची वर्षं सहाची सात. दहाला तीन कमी.

आता विकत घ्यायची वर्षं. ऐच्छिक योगदानाचे दोन दर आहेत आणि त्यातला फरक ऐकून लोक दचकतात. २०२५-२६ साठी क्लास २ आठवड्याला ३.५० पौंड, क्लास ३ आठवड्याला १७.७५. म्हणजे एकाच वर्षाला एकीकडे १८२ पौंड, दुसरीकडे ९२३. पेन्शनमध्ये मिळणारं वर्ष अगदी सारखंच. परदेशात राहणाऱ्याला क्लास २ तेव्हाच, जेव्हा तो ब्रिटन सोडण्याआधी लगेच तिथे नोकरी किंवा धंदा करत होता, आणि परदेशातही ज्या वर्षांसाठी भरतोय त्या वर्षांत काम करतोय. शिवाय ब्रिटनमध्ये सलग तीन वर्षं राहिलेला किंवा तीन वर्षं योगदान भरलेला हवा. तुम्ही मे २०१६ पर्यंत नोकरीत होता, पुण्यात आल्यापासून नोकरीतच आहात. तुम्ही क्लास २ मध्ये बसता.

बसता, पण जुन्या वर्षांपुरतेच. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये ब्रिटिश सरकारने ही वाट बंद केली. ६ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी परदेशातून क्लास २ नाही, आणि क्लास ३ भरायलाही आता तीनऐवजी दहा वर्षांचं वास्तव्य किंवा योगदान लागतं. तुमचं वास्तव्य पावणेआठ वर्षांचं. म्हणजे २०२६-२७ आणि पुढची वर्षं तुम्हाला बंद. राहिली मागची. सहसा मागची सहा वर्षं भरता येतात, म्हणजे आज २०२०-२१ पासून २०२५-२६ पर्यंतची. त्यातलं २०२०-२१ हे ५ एप्रिल २०२७ ला हातातून जाईल, पुढच्या एप्रिलला २०२१-२२ जाईल, असं एकेक. २००६ पासूनची जुनी वर्षं भरायची जी खास सवलत होती ती ५ एप्रिल २०२५ ला संपली. २०१६-१७ मधला तो हजार पौंडांचा खड्डा तेव्हा बुजवता आला असता, आता नाही.

तुमचा हिशोब असा. सहापैकी कुठलीही तीन वर्षं क्लास २ ने भरलीत, तर खर्च साधारण साडेपाचशे पौंड (जुन्या वर्षांना काही वेळा आजचा दर लागतो, म्हणून नेमका आकडा एचएमआरसीच्या पत्रातलाच धरा). मिळतं काय? दहा वर्षांची पेन्शन, आजच्या दराने आठवड्याला ६८.९४, वर्षाला ३,५८५ पौंड, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापासून आयुष्यभर. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पैसे वसूल. बावीस वर्षांत दुसरा असा सौदा मी कुठे पाहिला नाही. पण सहाही वर्षं भरा, असं माझं मत. वरची तीन आणखी साडेपाचशेत येतात आणि वर्षाला हजारावर पौंड वाढवतात. शिवाय २०१२-१३ ची दुरुस्ती कागदाअभावी अडलीच, तर दहाचा आकडा हातातून जायला नको.

वहिनींची गोष्ट याहून बारीक आहे आणि तिच्यात चूक परवडणार नाही. त्यांच्या रेकॉर्डमधली तीन वर्षं अपूर्ण आहेत, आणि त्याचं कारण त्यांनी स्वतःच लिहिलंय: शाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायचं काम, आठवड्याला ७५ पौंड, आणि शनिवारी एका दुकानात ६०. बेरीज १३५. त्या वेळची किमान मर्यादा १०९ होती, मग वर्ष का नाही भरलं? कारण दोन मालकांकडचे पगार एकत्र धरत नाहीत. प्रत्येक नोकरी स्वतंत्रपणे मर्यादेच्या वर असावी लागते. दोन्हीकडे मर्यादेखाली राहिलेली बाई रेकॉर्डवर जवळजवळ बेकारच असते. इथल्या आपल्या कितीतरी बायकांची वर्षं अशीच गेली आहेत: सकाळी एका घरी मुलं सांभाळायची, दुपारी शाळा, संध्याकाळी टिफिन. ती वर्षं आता सहा वर्षांच्या मुदतीबाहेर आहेत. चाइल्ड बेनिफिटवरून (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्यावरून) मिळणारं क्रेडिट, म्हणजे पैसे न भरता लागणारं वर्ष, तेही तुम्हाला लागू नाही, कारण तुमच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ ही अट होती आणि चाइल्ड बेनिफिट त्यात मोडतं. (स्टेट पेन्शन मोडत नाही. ती योगदानावरची आहे, तिच्यासाठी नागरिकत्व लागत नाही.) आणि नवऱ्याच्या रेकॉर्डवर बायकोला पेन्शन, ही जुनी सोय नव्या पेन्शनमध्ये उरलेली नाही.

म्हणजे चार अधिक सहा, बरोब्बर दहा. त्यांना सहाही वर्षं भरावी लागतील, एकही गळून चालणार नाही, आणि २०२०-२१ ची मुदत चुकली तर नवावर अडकून सगळंच शून्य. क्लास ३ ने हे साडेपाच हजार पौंडांच्या वर जातं. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘मिसेस २०१८ पासून घरी दहावीच्या शिकवण्या घेतात.’ हा स्वयंरोजगार आहे! ब्रिटन सोडेपर्यंत त्या शाळेत नोकरीला होत्या, पुण्यात शिकवण्यांचं उत्पन्न आहे, तर त्याही क्लास २ मागू शकतात. सहा वर्षांचे मिळून अकराशेच्या आसपास. फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहू नका. आपल्याकडे शिकवण्यांना, डब्यांना, ब्लाउज शिवण्याला काम म्हणायची सवय नाही, आणि इथे त्या सवयीची किंमत चार-साडेचार हजार पौंड आहे. प्राप्तिकराची विवरणपत्रं असतील तर जोडा. नसतील तर फी जमा झालेलं बँकेचं पासबुक आणि कोणत्या साली किती विद्यार्थी होते याचं साधं निवेदन द्या. खोटं मात्र एक अक्षरही नको. तपासून क्लास ३ च मंजूर केलं, तर कारण लेखी मागा. आणि कारण पटण्यासारखं असलं, तरी त्या दरानेही पेन्शन सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत पैसे वसूल होतात.

हे सगळं वाचून हुरूप आला असेल, तर आता त्यातली गोम. ब्रिटनमध्ये स्टेट पेन्शन दर एप्रिलला वाढते. अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये राहणाऱ्या पेन्शनरचीही वाढते. भारतात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याची वाढत नाही. पहिल्या दिवशी जो आकडा लागला तोच शेवटपर्यंत. २०१६-१७ मध्ये ज्याने भारतात राहून पूर्ण १५५.६५ पौंड घ्यायला सुरुवात केली, तो आजही १५५.६५ च घेतो, आणि स्लाव्हमध्ये राहणारा त्याच्याच वयाचा पेन्शनर २४१.३०. यावर खटले झाले. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेल्या, २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही हरल्या. पण लक्षात घ्या, गोठणं सुरू होतं ते पेन्शन चालू झाल्यावर. सदुसष्टाव्या वर्षापर्यंत दरवर्षीची वाढ तुमच्या वर्षांनाही लागते. म्हणजे आजचे ६८.९४ तोवर त्या वेळच्या दराचे होतील आणि मग थिजतील. माझ्या हिशोबात सौदा तरीही फायद्याचा आहे. फक्त म्हातारपणीचा सगळा खर्च यावर निघेल, असं धरू नका.

जे ब्रिटनमध्येच आहेत, विशेषतः माझ्यापेक्षा थोरल्या पिढीतले, त्यांनी वरचं जसंच्या तसं स्वतःला लावू नये. २०१६ पूर्वी तीस वर्षं भरलेल्यांना किंवा कंपनीच्या पेन्शन योजनेमुळे ‘कॉन्ट्रॅक्टेड आउट’ असलेल्यांना, म्हणजे कमी दराने नॅशनल इन्शुरन्स भरलेल्यांना, जुनी वर्षं भरून बऱ्याचदा एक पेनीही वाढत नाही. लेस्टरच्या एका काकांनी फोरकास्ट (आपल्या पेन्शनचा सरकारी अंदाज) न बघता जुन्या वर्षासाठी आठशे पौंड भरले, वाढ शून्य. आधी फ्युचर पेन्शन सेंटरला (पेन्शनच्या चौकशीच्या सरकारी कार्यालयाला) विचारायचं, ‘हे वर्ष भरलं तर माझी पेन्शन किती वाढेल?’, आणि उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालायचा नाही. ज्या आयांनी १९७८ ते २०१० मध्ये मुलं वाढवली आणि मे २००० पूर्वी चाइल्ड बेनिफिट घेताना फॉर्मवर नंबर टाकला नव्हता, त्यांची घरसांभाळीची वर्षं रेकॉर्डवरून गायब असू शकतात. ती अर्ज करून फुकट लागतात, थकबाकीसकट. आणि मुलांचं चाइल्ड बेनिफिट नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या नावावर घेतलं असेल, तर ते क्रेडिट घरी असलेल्या बायकोकडे वळवायचा वेगळा फॉर्म आहे, सीएफ-४११ए. नवऱ्याला त्या क्रेडिटचा काडीचा उपयोग नसतो.

आता तुमच्याकडे. दुरुस्तीचं पत्र आणि परदेशातून योगदान भरण्याचा सीएफ-८३ अर्ज एकाच आठवड्यात जाऊ द्या, एकाचं उत्तर येईपर्यंत दुसरं थांबवू नका, कारण उत्तराला महिने लागतात आणि एप्रिल थांबत नाही. अर्जात कोणती वर्षं आणि कोणता क्लास, दोन्ही स्पष्ट लिहा. मंजुरीच्या पत्रात अठरा आकडी संदर्भ क्रमांक येईल. पैसे पाठवताना तोच टाका, नाहीतर ते कोणाच्या नावाला लावायचे हे त्यांना कळणार नाही. बँकेला आधी सांगून ठेवा की वाटेतली मधल्या बँकेची फी तुम्ही वेगळी भराल, कारण तिकडे पाच पौंड कमी पोचले तरी वर्ष अपूर्ण. पैसे भरल्यावर चार-सहा महिन्यांनी रेकॉर्ड पुन्हा मागवून ती वर्षं ‘पूर्ण’ झाली का ते पाहा.

आणि वहिनींचा अर्ज वेगळ्या पाकिटात, त्यांच्या नंबरने, त्यांच्या सहीने. त्यांचाच आधी पाठवा. तुमच्याकडे तीन वर्षांची सवड आहे, त्यांच्याकडे एकाही वर्षाची नाही.